करारावर सही केली म्हणजे सार्वभौमत्व गहाण पडतं का?

मांडवीकाठ (धागाकर्ती)

गेल्या रविवारी आमच्या गावच्या वाचनालयात सिंधू जलकरारावर चर्चा होती. १९६०चा करार, एप्रिल २०२५मध्ये भारताने तो स्थगित ठेवला, आता पुढे काय, असा विषय. कॉलेजात शिकणारा एक मुलगा उठला आणि तळमळीने म्हणाला, "दुसऱ्या देशाशी करार केला की आपलं सार्वभौमत्व गहाण पडतं. ते सोडवून घ्यायला पिढ्या जातात." टाळ्या पडल्या. मला त्याचा राग आला नाही, पण 'गहाण' हा शब्द डोक्यात घेऊनच घरी आले.

आमच्या घरात गहाण म्हटलं की आजीच्या चार पाटल्या आठवतात. १९६०च्या पावसाळ्याआधी घराचं छप्पर शाकारायला आजोबांनी त्या पणजीतल्या एका बँकेत ठेवून पैसे उचलले होते. डिसेंबर १९६१मध्ये भारतीय सैन्य येणार अशी चिन्हं दिसू लागली, तेव्हा गोव्यातल्या कितीतरी घरांचं गहाणाचं सोनं लिस्बनला हलवण्यात आलं. त्यात आमच्या पाटल्याही गेल्या. १९ डिसेंबरला गोवा मुक्त झाला, आजीने दारात पणत्या लावल्या, आणि पाटल्या परदेशात.

ते सोनं परत यायला १९९१ उजाडलं. त्यानंतर कधीतरी आमची पुरचुंडी हातात पडली, तेव्हा मी शाळेत होते. जाड खाकी कापड, सुतळीची गाठ, तांबड्या लाखेचा शिक्का, आणि पुठ्ठ्याच्या चिठ्ठीवर पोर्तुगीज वळणाने लिहिलेलं आजोबांचं नाव. आजी तोवर हयात नव्हती.

मुद्दा असा की त्या पाटल्या सैन्याने आणल्या नाहीत. आपल्या कुठल्या कायद्याचा हात लिस्बनच्या तिजोरीपर्यंत पोचत नव्हता. १९५५मध्ये तुटलेले संबंध दोन्ही देशांनी पुन्हा जोडले म्हणून सोनं परत करायचं बोलणं होऊ शकलं. आणि संबंध जुळले ते करारामुळे. पोर्तुगालमध्ये २५ एप्रिल १९७४ला क्रांती झाली, हुकूमशाही गेली, आणि ३१ डिसेंबर १९७४ला दिल्लीत करार झाला. आपल्या बाजूने सही परराष्ट्रमंत्री यशवंतराव चव्हाणांची, त्यांच्या बाजूने त्यांचे परराष्ट्रमंत्री मारियो सुआरिश यांची. गोवा, दमण, दीव, दादरा आणि नगर हवेली हे भारताचे आहेत, आणि भारतीय घटनेनुसार ज्या तारखेपासून ते भारतात आले त्या तारखेपासूनच ते भारताचे आहेत, हे पोर्तुगालने लिहून दिलं. सैन्याला दोन दिवसही पुरते लागले नाहीत. या सहीला १३ वर्षं लागली.

तेव्हा करार म्हणजे गहाण, हे मला पटत नाही. १९२३मध्ये हेगच्या तेव्हाच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयासमोर 'विम्बल्डन' नावाच्या जहाजाचा खटला होता. व्हर्सायच्या तहाने कील कालवा सर्व देशांच्या जहाजांना खुला ठेवायचं जर्मनीने कबूल केलं होतं. तरी पोलंडकडे दारूगोळा नेणारं हे जहाज त्यांनी अडवलं आणि म्हणाले, आमचं सार्वभौमत्व आहे. न्यायालयाने सांगितलं, करार करता येणं हेच सार्वभौमत्वाचं लक्षण आहे. जो स्वतंत्र नाही त्याला कोण करारासाठी बोलावतं?

मला छळणारा प्रश्न वेगळाच आहे. सही करणाऱ्याने घरच्यांना विचारलं होतं का? १९७४मध्ये गोव्यात निवडून आलेली विधानसभा होती. करार आमच्याबद्दलचा होता, पण आम्ही त्या टेबलाशी नव्हतो. आजही केंद्र सरकार परदेशाशी करार करतं, तेव्हा तो आधी संसदेसमोर ठेवलाच पाहिजे असं बंधन नाही, राज्यांची तर बातच सोडा. तुम्हाला काय वाटतं? कायद्याची माणसं असतील त्यांनी जरूर लिहा.

सह्यकडा

पुण्याहून लिहितोय. ताई, पाटल्यांची हकीकत वाचून गलबलून आलं. पण मुळाशी जायचं तर गोवा सैन्याने मिळवला, कराराने नाही. १८ डिसेंबर १९६१च्या रात्री सुरक्षा परिषदेत अमेरिका, ब्रिटन, फ्रान्स आणि तुर्कस्तानने ठराव आणला: युद्ध थांबवा, सैन्य मागे घ्या. बाजूने ७ मतं, विरोधात ४. सोव्हिएत रशियाने नकाराधिकार वापरला म्हणून ठराव पडला. नाहीतर आंतरराष्ट्रीय कायद्याच्या नावाखाली आपल्यालाच आक्रमक ठरवलं असतं. ज्याच्या पाठीशी बळ, त्याचा कायदा. १५ ऑगस्ट १९५५ला गोव्यात शिरणाऱ्या निःशस्त्र सत्याग्रहींवर पोर्तुगिजांनी गोळ्या झाडल्या तेव्हा हा कायदा कुठे होता? माझे आजोबा त्या तुकडीत होते. बांद्याहून निघाले होते, परत आले ते खांद्यावर दुसऱ्याला घेऊन.

कुडतरी

सह्यकडा, तुमच्या आजोबांना मनापासून नमस्कार. वकिली करतो म्हणून थोडं लांब लिहितो, सांभाळून घ्या.

तो ठराव पडला हे खरं. पण त्या ४ विरोधी मतांत रशियाखेरीज सिलोन (आजची श्रीलंका), लायबेरिया आणि संयुक्त अरब प्रजासत्ताक (म्हणजे इजिप्त) होतं. हे देश बळाच्या बाजूने नव्हते, वसाहतवादाच्या विरुद्ध होते. आणि त्यांना उभं राहायला जमीन आंतरराष्ट्रीय कायद्यानेच दिली होती. पोर्तुगालचा हुकूमशहा सालाझारने १९५१मध्ये घटना बदलून वसाहतींना 'सागरपार प्रांत' म्हणायला सुरुवात केली. गोवा म्हणजे पोर्तुगालच, मग वसाहत कुठली आणि संयुक्त राष्ट्रांना माहिती कसली द्यायची, असा पवित्रा. डिसेंबर १९६०मध्ये आमसभेने ठराव क्रमांक १५४२ करून पोर्तुगालच्या ताब्यातल्या प्रदेशांची यादीच दिली आणि हे स्वशासन नसलेले प्रदेश आहेत असं ठरवलं. त्या यादीत गोवा आहे. 'सागरपार प्रांत' या शब्दाच्या आड लपायची सोय तिथे संपली. भारताचे प्रतिनिधी सी. एस. झा सुरक्षा परिषदेत उभे राहिले ते वर्षभरापूर्वीच्या या ठरावांच्या आधाराने.

तरीही प्रामाणिकपणे सांगतो, संयुक्त राष्ट्रांच्या सनदेतल्या २(४) कलमाने बळाच्या वापरावर घातलेली बंदी आणि गोव्यातली कारवाई यांचा मेळ सोपा नाही. आपली बाजू न्यायाची होती असं मी मानतो, पण पुस्तकांत अजून वाद आहे. तो ७४च्या कराराने व्यवहारात मिटला, म्हणून ताईंच्या मुद्द्याला वजन आहे.

आता भारतातली व्यवस्था. घटनेचं ५१वं कलम सांगतं की राज्यसंस्थेने आंतरराष्ट्रीय कायदा आणि करारांबद्दल आदर वाढवावा. पण ते मार्गदर्शक तत्त्व आहे, न्यायालयातून वसूल करता येत नाही. करार करायचा अधिकार केंद्राचा. मात्र केलेला करार आपोआप देशातला कायदा होत नाही. लोकांच्या हक्कांवर परिणाम होणार असेल तर संसदेला कायदा करावा लागतो. आणि इथे २५३वं कलम येतं: करार अमलात आणायचा असेल तर विषय राज्यसूचीतला असला तरी संसद संपूर्ण देशासाठी कायदा करू शकते. शेती, पाणी, मासेमारी, सगळं त्यात आलं.

देशाची जमीन द्यायची झाली तर मात्र नुसती सही चालत नाही. १९५८मध्ये नेहरू आणि पाकिस्तानचे पंतप्रधान फिरोजखान नून यांनी पश्चिम बंगालमधल्या बेरुबारीचा अर्धा भाग पाकिस्तानला द्यायचं ठरवलं. सर्वोच्च न्यायालयाने १९६०मध्ये मत दिलं की त्यासाठी घटनादुरुस्ती लागेल. म्हणून नववी दुरुस्ती झाली. २०१५मध्ये बांगलादेशबरोबर छिटमहालांची, म्हणजे एकमेकांच्या हद्दीत अडकलेल्या वस्त्यांची, अदलाबदल झाली तेव्हाही शंभरावी दुरुस्ती करावी लागली. तेवढा उंबरठा आपल्या घटनेने बांधून ठेवलेला आहे.

वेर्णेची_सुलू

मी कारखान्यात काम करते, कायदा शिकलेली नाही. पण आमच्याकडे बायकांच्या तक्रारींसाठी समिती आहे, तिच्या प्रशिक्षणात सांगितलं होतं की कामाच्या जागी होणाऱ्या लैंगिक छळाबद्दलच्या १९९७च्या विशाखा निकालात न्यायालयाने स्त्रियांविरुद्धच्या भेदभावाबद्दलच्या आंतरराष्ट्रीय कराराचा आधार घेतला. देशात तेव्हा तसा कायदाच नव्हता, तो २०१३मध्ये आला. मधली सोळा वर्षं आम्ही त्या कराराच्या सावलीत होतो. माझ्यापुरतं तरी सार्वभौमत्व त्याने कमी झालं नाही, वाढलं.

सनदपत्रे

इथे १७७९चा पुणे तह आला नाही तर हा धागा अपुरा राहील. वयाच्या सत्तरीत आहे, मोडी वाचतो, आणि हा माझ्या जिव्हाळ्याचा विषय.

पेशव्यांनी पोर्तुगीजांशी तह केला आणि दमणच्या परिसरात बारा हजार रुपये उत्पन्नाची गावं लावून द्यायचं कबूल केलं. १७८३ आणि १७८५च्या सनदांनी दादरा आणि नगर हवेलीतली गावं नेमून दिली. पुढे १९५४च्या जुलै-ऑगस्टमध्ये ती गावं स्वातंत्र्यसैनिकांनी सोडवली. आपले सुधीर फडके त्यात होते. भारताने पोर्तुगीज सैन्याला आपल्या मुलखातून तिकडे जाऊ दिलं नाही. पोर्तुगालने काय करावं? १९ डिसेंबर १९५५ला हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयाचा अधिकार मान्य केला आणि तिसऱ्या दिवशी, २२ला, भारतावर दावा लावला.

दाव्यात पोर्तुगाल म्हणाला, मराठ्यांनी आम्हाला या गावांचं सार्वभौमत्व दिलं. भारताची बाजू मोतीलाल सेटलवाड मांडत होते. हेगच्या न्यायमूर्तींपुढे आपल्या दफ्तरातल्या शब्दांचा कीस पडला! सनदांत दिलाय तो महसूल, म्हणजे सरंजाम, जहागीर. मुलूख दिलेला नाही. जिथे मराठ्यांना एखादा किल्ला वा जमीन कायमची, सत्तेसकट द्यायची होती, तिथे त्यांनी तसे शब्द वापरलेले आहेत, आणि या कागदांत ते नाहीत. न्यायालयाने १२ एप्रिल १९६०ला हेच मान्य केलं. कारकुनाने सनदेत घातलेला किंवा न घातलेला एकेक शब्द पावणेदोनशे वर्षांनी हेगमध्ये तोलला गेला, याचा मला फार अभिमान वाटतो.

पण निकाल पूर्ण आपल्या बाजूने नव्हता, हेही सांगायला हवं. मराठ्यांनी सार्वभौमत्व दिलं नसलं तरी नंतर इंग्रजांनी पोर्तुगालचा ताबा मानला, भारतानेही मोडला नाही, आणि सव्वाशे वर्षं माणसं, मुलकी अधिकारी आणि माल बिनबोभाट ये-जा करत होते. तेवढ्यापुरता पोर्तुगालला वाटेचा हक्क आहे, ११ विरुद्ध ४. सैन्य, सशस्त्र पोलीस, दारूगोळा यांना हक्क नाही, ८ विरुद्ध ७. एका मताने. आणि १९५४मध्ये भारताने वाट अडवली त्यात नियमभंग नाही, ९ विरुद्ध ६. म्हणजे देशादेशांत नुसत्या कागदाने नाही, वहिवाटीनेही कायदा होतो. बांधावरची पायवाट ज्यांनी कोर्टात भांडली आहे त्यांना हे वेगळं समजावून सांगायला नको.

मांडवीकाठ

काका, हे वाचताना अंगावर काटा आला. आणि तुमच्याच मुद्द्यातून माझा प्रश्न पुन्हा वर येतो. दादरा-नगर हवेलीतल्या सेलवासच्या वारली माणसाला १७८३मध्ये, १७८५मध्ये, कोणी विचारलं होतं?

सनदपत्रे

नाही विचारलं. १९५४नंतर मात्र तिथे लोकांची वरिष्ठ पंचायत होती, तिने भारतात विलीन व्हायचा ठराव केला. आणि एक मजेची नव्हे, फार अर्थपूर्ण गोष्ट. १९६१मध्ये विलीनीकरणाचा करार करायचा तर भारताच्या पंतप्रधानांसमोर सही करणारा तोलामोलाचा कोणी हवा. म्हणून बदलानी नावाच्या आयएएस अधिकाऱ्याला एका दिवसासाठी दादरा-नगर हवेलीचा पंतप्रधान केलं. करार करायचा म्हणून सार्वभौमत्व उभं करावं लागलं! ताई, तुमच्या 'विम्बल्डन'ला याहून चांगला जोड मिळणार नाही.

रांपणकार_बेतूल

मी मासे पकडणारा माणूस. दोन वर्षं बँकेच्या नोकरीत होतो, सोडून परत दर्यावर आलो. तुम्ही जुनं लिहिता ते वाचतो आहे, पण आमच्यावर आज काय चाललंय ते सांगतो.

जागतिक व्यापार संघटनेत १७ जून २०२२ला जिनिव्हात मासेमारी अनुदानांचा करार झाला, सप्टेंबर २०२५मध्ये तो लागू झाला. बेकायदा मासेमारीला, आणि ज्या जातीचे मासे आधीच जास्त मारले गेले आहेत त्यांच्या मासेमारीला सरकारी पैसा देऊ नका, असा त्याचा गाभा. पुढचा टप्पा, म्हणजे जास्त बोटी आणि जास्त मासेमारी वाढवणाऱ्या अनुदानांचा, अजून वाटाघाटीत आहे. भारत म्हणतो, आमचे मच्छीमार गरीब आहेत, आम्हाला २५ वर्षांची सवलत द्या. ऐकायला चांगलं वाटतं. मीही म्हणतो, बड्या देशांनी शंभर वर्षं दर्या उपसला आणि आता आम्हाला शहाणपण शिकवू नये.

पण गरीब म्हणजे कोण? आमच्या रांपणीला चाळीस माणसं लागतात. पहाटे होडीतून जाळं अर्धगोल सोडतो, दोन्ही टोकं वाळूवरून ओढतो, खांदा सोलून निघतो. माझ्या छोट्या इंजिनालाही इंधनाची थोडी मदत मिळते, ती नाकारत नाही. पण डिझेलच्या परताव्याचा मोठा वाटा ट्रॉलर उचलतो, आणि तोच ट्रॉलर किनाऱ्याजवळ येऊन आमची बांगड्याची थवं फोडतो. रांपणकारांनी सत्तरच्या दशकात यासाठीच आंदोलन केलं, म्हणून १९८०चा गोवा सागरी मासेमारी कायदा झाला. एलईडी दिव्यांनी मासे ओढायला केंद्राने २०१७मध्ये बंदी घातली. रात्री बेतूलच्या टेकडीवर उभे राहा, समुद्रात गाव वसल्यासारखे दिवे दिसतात.

बारा सागरी मैलांपर्यंत मासेमारीचा कारभार राज्याचा, त्यापलीकडे दोनशे मैलांपर्यंत केंद्राचा. जिनिव्हात मात्र दोन्हींच्या नावाने एकच माणूस बोलतो. त्याने एकदा तरी आमच्या वाळूवर येऊन विचारलं का, की बाबांनो, कुठलं अनुदान ठेवू आणि कुठलं सोडू? विचारलं असतं तर मी सांगितलं असतं, ट्रॉलरचं सोडा. हे परदेशी दडपण नाही, माझं स्वतःचं मत आहे. पण 'देशाची भूमिका' ठरली तेव्हा माझं मत त्यात नव्हतं.

कुडतरी

दादा, तुम्ही नेमक्या जागी बोट ठेवलंत. केंद्र-राज्य संबंधांवरच्या पुंछी आयोगाने २०१०मध्ये हेच सुचवलं होतं: करार करण्याच्या केंद्राच्या अधिकाराचं नियमन करणारा कायदा संसदेने करावा आणि राज्यसूचीतल्या विषयांवरच्या करारांत राज्यांना आधी सामील करून घ्यावं. घटनेने संसदेला तसा कायदा करायची मुभा दिलेलीच आहे, संघसूचीतली १४वी नोंद. वापरली गेलेली नाही.

काजूबोंड

सत्तरी तालुक्यातून लिहितोय. एक छोटी गोष्ट. फेणीला २००९मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं ते जागतिक व्यापार संघटनेच्या बौद्धिक संपदा करारातून आलेल्या कायद्यामुळे. त्या कराराचं २३वं कलम दारूला जास्त संरक्षण देतं: दुसऱ्याने 'फेणीसारखी' असंही लिहायचं नाही. आम्हाला ते हवंच आहे, काजूचं बोंड पायाने तुडवून, भाटीवर रात्र काढून ती काढतो. पण त्याच कलमाने पोर्तुगाल उद्या विचारू शकतो की गोव्यातल्या दुकानांत स्वस्तात मिळणाऱ्या बाटलीवर 'पोर्ट वाइन' कसं लिहिता, पोर्ट तर आमच्या दोरू खोऱ्याचं. करारात जुन्या वापराला सूट आहे, १५ एप्रिल १९९४च्या आधी दहा वर्षं किंवा सद्भावनेने नाव वापरणाऱ्यांसाठी. ती इथे लागते का ते वकील सांगतील. मला एवढंच कळतं की जे माझ्या फेणीला हवं, ते दुसऱ्याच्या द्राक्षाला नाकारता येत नाही.

दिवाडकर_परदेशी

बरेच दिवस लिहू की नको करत होतो. मी इंग्लंडमध्ये स्विंडनला राहतो. वडील १९५४ साली दिवाडीत जन्मले. १९ डिसेंबर १९६१पूर्वी गोव्यात जन्मलेल्यांना आणि त्यांच्या मुला-नातवंडांना पोर्तुगाल आपला नागरिक मानतं. लिस्बनला जन्मनोंदणी केली, पासपोर्ट घेतला आणि २०११ला इकडे आलो. पोर्तुगाल म्हणतं, तू जन्मापासून आमचाच. भारत म्हणतो, तू आपण होऊन दुसरं नागरिकत्व घेतलंस, १९५५च्या कायद्याच्या ९व्या कलमाने तुझं भारतीयत्व गेलं. दोन सार्वभौम देश, दोघेही आपापल्या जागी बरोबर, आणि मधे मी.

आणि मी पोर्तुगालमध्ये राहायला आलोच नव्हतो. युरोपीय संघाच्या करारामुळे त्या पासपोर्टवर ब्रिटनमध्ये काम करता येत होतं, म्हणून आलो. ब्रिटनने तो करार सोडला, ३१ डिसेंबर २०२०ला मुदत संपली. मी आधीपासून इथे असल्याने राहायचा हक्क टिकला. माझ्या धाकट्या चुलतभावाने २०२१मध्ये कागद पुरे केले, त्याला तोच पासपोर्ट घेऊन इथे कामाला येता येत नाही. ब्रिटनने आपलं सार्वभौमत्व परत घेतलं असं इथे म्हणतात. आमच्या घरात दोन भावांमधला तो फरक झाला.

भारतात मतदान करता येत नाही याचं दुःख मला दर निवडणुकीत होतं. पैशासाठी सोडलं असं लोक म्हणतात. खरं आहे, घरावर कर्ज होतं.

वेर्णेची_सुलू

दादा, मन लहान करू नका. आमच्या वाड्यावर प्रत्येक तिसऱ्या घरात हीच गोष्ट आहे.

सह्यकडा

रांपणकार आणि दिवाडकर यांचं वाचल्यावर माझं पहिलं लिहिणं मला अपुरं वाटतंय. बळाचं महत्त्व मी अजून मानतो. पण कुलभूषण जाधवांच्या वेळी आपणच हेगला गेलो होतो. वकिलातीच्या संपर्काचा करार पाकिस्तानने मोडला, हे न्यायालयाने जुलै २०१९मध्ये १५ विरुद्ध १ने सांगितलं. आपल्या माणसासाठी हात पुढे करायला तेव्हा करारच होता, सैन्य पाठवता आलं नसतं.

कुडतरी, एक विचारतो. गोव्यातल्या एखाद्या माणसाने भारताविरुद्ध आंतरराष्ट्रीय कराराचा आधार घेतला, असं कधी झालं?

कुडतरी

झालं. फादर मोन्तेरो. १९६२च्या नागरिकत्व आदेशाने गोव्यात जन्मलेले लोक भारतीय नागरिक ठरले, मात्र नको असेल त्याला महिनाभरात तसं लेखी कळवायची मुभा होती. फादरांनी कळवलं, मी पोर्तुगीज राहणार. पुढे राहण्याचा परवाना नव्हता म्हणून खटला झाला आणि प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. त्यांचं म्हणणं: गोवा हा लष्करी ताब्यातला प्रदेश आहे, युद्धाच्या नियमांचा जिनिव्हा करार मला संरक्षण देतो, तुम्ही मला माझ्या भूमीतून घालवू शकत नाही. १९६९मध्ये सरन्यायाधीश हिदायतुल्लांनी निकाल दिला. लढाई काही तासांत संपली, प्रदेश भारतात सामील झाला, सामील झाल्यावर 'लष्करी ताबा' संपला, आणि ताबा संपला की ते संरक्षणही संपलं.

मला निकाल कायद्याने बरोबर वाटतो. तरीही तो वाचताना प्रत्येक वेळी थांबतो. मी मुक्तीच्या बाजूचा माणूस, फादरांचं मत मला मुळीच मान्य नाही. पण आपल्याच गावात परका ठरलेल्या म्हाताऱ्या पाद्रीचं म्हणणं देशाच्या सर्वोच्च न्यायालयाने पानंच्या पानं खर्चून ऐकून घेतलं, कराराचं कलम न् कलम तपासलं आणि मग नाही म्हटलं. सालाझारच्या गोव्यात ही सोय कुठल्या सत्याग्रहीला मिळाली होती?

मांडवीकाठ

सगळ्यांचे आभार. दिवाडकरदादा, तुमच्यासाठी वेगळा निरोप पाठवते.

रांपणकारदादा, येत्या रविवारी वाचनालयात याल का? त्या मुलाशी बोलले मी. त्याला रांपण ओढताना कधी पाहिलेलं नाही, आणि यायला तो तयार आहे. पुंछी आयोगाची शिफारस घेऊन आपल्या आमदारांकडे जायचं ठरतंय: मासेमारी, शेती, पाणी यांवरच्या प्रत्येक कराराचा मसुदा आधी विधानसभेत यावा, अशी मागणी. कुडतरी, अर्ज तुम्ही तपासा.

आणि १९७४चा करार मला मराठीत कुठे सापडला नाही. इंग्रजी प्रत काढली आहे, पहिलं कलम करायला घेतलंय. 'रेकग्निशन'ला 'मान्यता' लिहू की 'कबुली'? सनदपत्रेकाका, तुमच्या दफ्तरांत अशा जागी कोणता शब्द येतो?

सनदपत्रे

'कबुली' घ्या. मान्यता वरचा खालच्याला देतो. पोर्तुगाल आपल्या वर नव्हता.